उत्तरेला गेलेली माणसं आणि मागे वळणारा कुत्रा

रानवाटा

अमेरिकन लेखक जॅक लंडनची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३) ही कादंबरी आणि ‘टू बिल्ड अ फायर’ (१९०८) ही कथा लागोपाठ वाचून बघा. मुलूख तोच, कॅनडातलं युकॉन. बर्फ तोच, स्लेज ओढणारी कुत्री तीच. पण कादंबरीत उत्तरेला जाण्याला केवढा तरी अर्थ आहे आणि कथेत उत्तर म्हणजे निव्वळ तापमान. हे असं का, यावर गप्पा मारायला हा धागा.

आधी थोडा इतिहास. १६ ऑगस्ट १८९६ ला युकॉनमधल्या क्लोंडाइक भागात एका ओढ्यात सोनं सापडलं. ती बातमी अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचायला जुलै १८९७ उजाडला, आणि मग लाखभर माणसं उत्तरेला सुटली. त्यातली तीस-चाळीस हजार कशीबशी पोचली. वाटेतल्या, अलास्का-कॅनडा सीमेवरच्या चिलकूट खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे असायचे. वर्षभराचा शिधा आणि सामान, म्हणजे जवळजवळ टनभर ओझं, दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. टनभर सामान एका खेपेत कोण नेणार? तोच चढ लोक पुन्हा पुन्हा चढायचे आणि रिकाम्या हाताने उतरायचे. एकवीस वर्षांचा लंडन त्यांच्यातलाच. एक हिवाळा त्याने स्ट्यूअर्ट नदीच्या मुखाशी, हेंडरसन क्रीकच्या बाजूला काढला, स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला, आणि जून १८९८ मध्ये तो युकॉन नदीतून नावेने परत निघाला. सोनं म्हणाल तर चिमूटभर. ज्या उत्तरेच्या जोरावर तो जगभर वाचला गेला, तिथे तो धड वर्षभरही नव्हता.

आता कादंबरी. बक हा कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यातल्या एका न्यायाधीशाच्या घरचा लाडावलेला कुत्रा. माळ्याच्या हाताखालचा माणूस जुगाराच्या पैशांसाठी त्याला विकतो. पिंजरा, आगगाडी, सिअ‍ॅटल, लाल स्वेटरवाल्याचा सोटा, मग जहाज, मग अलास्कातला डाईचा किनारा. उत्तरेच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचं काहीतरी गळून पडतं. आधी माणसावरचा विश्वास, मग खाण्यातले नखरे, मग चोरी न करण्याची सवय. (बेकनचा तुकडा बक पळवतो आणि मार भलताच कुत्रा खातो, तो प्रसंग आठवा.) लंडन याला अधःपतन म्हणत नाही, जगायला लायक होणं म्हणतो. उत्तर त्याला सोलत जाते आणि आत लांडगा सापडतो.

कथेत यातलं काही नाही. एक माणूस, त्याला नावसुद्धा नाही, हेंडरसन क्रीकवरच्या आपल्या साथीदारांकडे एकटा निघालाय. थुंकी जमिनीवर पडायच्या आधी हवेतच तडकते, म्हणजे उणे पन्नास फॅरनहाइटच्याही खाली गेलंय एवढं त्याला कळतं. प्रत्यक्षात उणे पंचाहत्तर आहे, आपल्या मापात उणे ५९ सेल्सिअस. पन्नासच्या खाली एकट्याने वाट धरू नये, असं एका जुन्या जाणत्याने त्याला बजावलेलं असतं. पाय पाण्यात जातो. शेकोटी पेटवतो ती झाडाखाली, फांद्यांवरचा बर्फ कोसळतो, शेकोटी विझते. मग बधिर हातांनी सत्तर काड्यांचा जुडगा एकदम पेटवतो, मांस जळल्याचा वास येतो, तरी बोटांना पत्ता नाही. शेवटी मरतो. इथे कुणी सोललं जात नाही, कुणाला आतला लांडगा भेटत नाही.

माझा दावा असा: उत्तरेचं प्रतीक हे घरात उबेला बसून वाचणाऱ्यासाठी असतं. गोष्टीतल्या पात्राने तेच प्रतीक मनात धरलं की ते पात्र मरतं.

---

कोकणकडा

झकास धागा. आपल्याकडे उत्तरेला जाणं म्हटलं की आधी महाप्रस्थानच आठवणार. पण एक तपशील बऱ्याच जणांच्या लक्षात नसतो. पांडव हस्तिनापूरहून थेट हिमालयाकडे जात नाहीत. आधी पूर्वेला जातात, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला येऊन समुद्रात बुडालेली द्वारका बघतात, आणि सगळ्यात शेवटी उत्तरेला वळतात. पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी करून मगच उत्तर. हिमवान ओलांडला, वाळूचा समुद्र लागला, मेरू दिसला आणि तिथून एकेक जण पडायला लागला. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. प्रत्येक जण का पडला याचं कारण युधिष्ठिर चालता चालता सांगतो आणि मागे वळून बघत नाही.

बकसारखं यांचंही एकेक गळून पडतंच, पण इथे माणसं गळतात. आणि दोन्हीकडे शेवटी उरतो कुत्रा! युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. लंडनच्या कथेत उलटं, माणूस मेल्याचा वास आल्यावर कुत्राच त्याला सोडून, ज्यांच्याकडे अन्न आणि आग मिळेल अशा माणसांच्या तळाकडे निघून जातो.

---

गारवेल

प्रतीकं वगैरे ठीक आहे, पण सोनं उत्तरेला होतं म्हणून लोक उत्तरेला गेले. रत्नागिरीत सापडलं असतं तर सगळे रत्नागिरीला गेले असते आणि आज आपण आंब्याच्या प्रतीकात्मकतेवर भांडत असतो. :)

---

रानवाटा

@गारवेल, सोनं कॅलिफोर्नियातही सापडलं होतं, १८४८ ला. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला सापडलं १८८६ ला. तिथेही माणसं लोटली, मेली, श्रीमंत झाली. पण ‘तग धरण्याची गोष्ट’ म्हटली की लोकांना क्लोंडाइक आठवतं. मला वाटतं याचं कारण थंडीत आहे. वाळवंटात तहान तुम्हाला दोन-तीन दिवस देते, माणूस विचार करतो, पश्चात्ताप करतो, पाण्याचे भास बघतो. उणे ५९ ला ओले मोजे मिनिटांत गोठतात, हातमोजा काढला की बोटं जातात, आणि बोटं गेली की काडी ओढता येत नाही. एका चुकीतून पुढची चूक निघते आणि मध्ये मोकळा वेळ नाही. कथा लिहिणाऱ्याला याहून चांगलं यंत्र कुठे मिळणार?

@कोकणकडा, कुत्र्याचं उलटपालट होणं भारी आहे. पण महाप्रस्थानात परतायचं नसतंच. लंडनच्या माणसाला संध्याकाळी सहाला तळावर जेवायला पोचायचंय.

---

ओवी_टोरोंटो

माझ्या मुलीला शाळेत गॅरी पॉलसनची ‘हॅचेट’ (१९८७) आहे, त्यामुळे घरात सध्या हाच विषय. तेरा वर्षांचा ब्रायन, आईवडिलांचा घटस्फोट झालेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यूयॉर्कहून कॅनडाच्या उत्तरेला तेलाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बाबांकडे छोट्या विमानाने निघतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान तळ्यात कोसळतं. हाताशी एकच अवजार, निघताना आईने दिलेली लहान कुऱ्हाड. चौपन्न दिवस.

इथे उत्तर म्हणजे रान नाहीच. उत्तर म्हणजे बाबांचं घर. आईच्या घरून बाबांच्या घरी जाताना मध्येच पोरगं पडतं, आणि दोन्हीकडच्या मोठ्यांना त्याचा ठावठिकाणा नाही. घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलांना हे पुस्तक का धरून ठेवतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, जरा कडू. लंडनच्या उत्तरेत राहणारी माणसं कुठे आहेत? कादंबरीच्या शेवटी ‘यीहॅट’ नावाची जमात येते, बकचा शेवटचा, लाडका मालक थॉर्नटन याला मारते आणि बक त्यांना फाडतो. अशी जमात नव्हतीच, ती लंडनने रचली. खऱ्या क्लोंडाइकमध्ये तिथले मूळचे ट्राँडेक ह्वेचिन लोक होते, नदीच्या मुखाशी त्यांचा सामन मासे पकडायचा तळ होता. सोन्यासाठी आलेल्यांनी तिथेच डॉसन शहर वसवलं. त्यांचा प्रमुख आयझॅक आपली माणसं घेऊन खालच्या अंगाला मूसहाइडला सरकला, आणि आपली गाणी-नाच हरवू नयेत म्हणून अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिले. २०२३ साली या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात या लोकांची बाजूही आली. त्यांच्या लेखी ही काही ‘उत्तर’ नव्हती. घराला कोण दिशेने हाक मारतं?

---

सहज_सुचलं

ओवीताई, +१. ‘निर्जन’ मुलूख बहुतेक वेळा कुणालातरी हाकलून निर्जन केलेला असतो.

---

मेलबर्नकर

आमच्याकडे उत्तरेला जाल तर उकडून निघाल, त्यामुळे हा सगळा धागा मी उलटा धरून वाचतोय. पण ऑस्ट्रेलियाची सगळ्यात गाजलेली तग धरण्याची, खरंतर न धरता आल्याची, गोष्ट उत्तरेच्याच प्रवासाची आहे. बर्क आणि विल्स. २० ऑगस्ट १८६० ला मेलबर्नहून गाजावाजा करत निघाले, उंट, घोडे, गाड्या, वाजंत्री. उद्देश? खंड दक्षिणोत्तर पार करायचा. उत्तरेला यांची वाट बघत काही बसलेलं नव्हतं. फेब्रुवारी १८६१ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या कार्पेंटारियाच्या आखाताजवळ पोचले, तर खारफुटीच्या दलदलीमुळे उघडा समुद्रसुद्धा बघायला मिळाला नाही.

परतीत खरी गोष्ट सुरू होते. २१ एप्रिलच्या संध्याकाळी कूपर क्रीकच्या तळावर येतात, तर त्यांच्यासाठी थांबलेली तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली! झाडावर खूण कोरलेली, खाली पुरलेलं थोडं अन्न. पुढे ते नार्डू नावाच्या पाणवनस्पतीचे दाणे खाऊन जगायला बघतात. तिथले यांद्रुवांधा लोक तेच खातात, पण भाजून, दळून, भरपूर पाण्यात कालवून. या गोऱ्यांनी ती रीत नीट उचलली नाही. त्यात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. पोट भरायचं आणि अंगातली ताकद जायची. बर्क-विल्स दोघेही १८६१ च्या जूनअखेरीस संपले. तिसरा, किंग, यांद्रुवांधांच्यात जाऊन राहिला आणि जगला.

तेव्हा रानवाटाभाऊ, थंडीचा मुद्दा मला पटलेला नाही. इथे उकाडा होता, मोकळा वेळही भरपूर होता, आणि तरी एका चुकीतून दुसरी निघतच गेली.

---

तळटीप

या यादीत क्रिस मॅककँडलेस अजून कसा आला नाही? चोवीस वर्षांचा मुलगा, २८ एप्रिल १९९२ ला अलास्कातल्या हीलीजवळ स्टँपीड ट्रेलने आत शिरला. तांदळाची एक पिशवी, एक हलकी बंदूक, पुस्तकं. जुन्या, सोडून दिलेल्या १४२ नंबरच्या बसमध्ये राहिला. जुलैच्या सुरुवातीला परत निघाला तर टेक्लानिका नदी हिमनदीच्या पाण्याने फुगलेली. एप्रिलमध्ये सहज ओलांडली होती तीच. परत बसमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने गेला. देह सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना सापडला. नदीवर थोड्याच अंतरावर तारेवरून ओलांडायची टोपली होती. धड नकाशा जवळ असता तर दिसली असती.

बसजवळ त्याने लाकडावर ‘जॅक लंडन इज किंग’ असं कोरलं होतं. लेखक जॉन क्राकॉरने त्याच्यावरच्या पुस्तकात (१९९६) लंडन स्वतः उत्तरेत एकच हिवाळा होता, याकडे बोट दाखवलंय. धागाकर्त्याचा दावा या एका माणसात पूर्ण सिद्ध होतो: प्रतीक मनात धरलं आणि नदी राहिली.

गंमत बघा, नकाशा उघडलात तर दिसेल की महामार्ग सोडल्यावर तो चालत गेला पश्चिमेला. उत्तर तोपर्यंत डोक्यातच होती.

---

गारवेल

तळटीप, इथे मात्र गोची आहे. लंडनच्या कथेतला माणूस मेला तो त्याला कल्पनाशक्ती नव्हती म्हणून. लंडन हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: गोष्टी लवकर टिपायचा, पण गोष्टीच, त्यांचा अर्थ नव्हे. उणे पन्नास म्हणजे थंडी, कानटोपी घाला, संपलं. माणूस किती नाजूक आहे वगैरे विचार त्याला शिवत नाही. उलट मॅककँडलेसला कल्पनाशक्ती उतू जात होती. मग दावा नक्की कुठला? अर्थ शोधला म्हणून मेला की अर्थ शोधला नाही म्हणून मेला? दोन्ही चालणार असेल तर त्याला दावा म्हणत नाहीत.

---

रानवाटा

गारवेल, इथे खरं भांडण सुरू झालं! माझं म्हणणं सोडत नाही, पण धार लावून घेतो.

लंडनला हवी असलेली कल्पनाशक्ती कसली आहे? ‘या फांदीवर बर्फ आहे, खाली आग पेटवली तर काय होईल?’ एवढीच. पुढच्या दहा मिनिटांची. जाणत्या म्हाताऱ्याकडे ती होती. मॅककँडलेसकडे होती ती वेगळी: मी कोण होईन, उत्तर मला काय बनवेल. दहा मिनिटांची कल्पना करणारा विचारतो, ही नदी जुलैत कशी असेल. दुसऱ्या प्रकारची कल्पना करणाऱ्याला नदी म्हणजे मागचं आयुष्य तोडणारी रेषा वाटते, आणि रेषेला पूर येत नाही. कथेतल्या माणसाकडे दोन्ही नव्हत्या, मॅककँडलेसकडे एकच होती आणि ती चुकीची. बर्कचंही तेच. खंड पार करायची रेघ डोळ्यांसमोर, नार्डू कसं खायचं ते शेजाऱ्याला विचारायचं सुचलं नाही. मेलबर्नकर, थंडीबद्दल तुमचं आपलं जमणार नाही, पण हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

---

ओवी_टोरोंटो

हे पटलं. ब्रायन सुरुवातीला दिवसेंदिवस रडतो, आईचं ‘रहस्य’ (तिचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध) उगाळत बसतो आणि काही उपयोग होत नाही. साळिंदर गुहेत शिरतं, हा अंधारात कुऱ्हाड फेकतो, ती दगडावर आपटून ठिणग्या उडतात, आणि त्यावरून पुढे आग कशी पाडायची ते सुचतं. तिथून पुस्तक सुरू होतं म्हणा ना.

---

चांदणकवडसा

अमेरिकी वाचकाच्या मनात ‘उत्तर’ शब्दामागे आणखी एक गोष्ट असते, ती राहिली. गुलामीतून पळणारी काळी माणसं दक्षिणेच्या दलदलीतून, रानातून रात्री ध्रुवाच्या रोखाने उत्तरेकडे चालायची. स्वतः गुलामीतून निसटलेली हॅरिएट टबमन त्याच ताऱ्यावर लोकांना बाहेर काढायची. तसाच निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४७ मध्ये काढलेल्या वर्तमानपत्राचं नावच ‘द नॉर्थ स्टार’. तग धरण्याच्या या सगळ्यात खऱ्या गोष्टी, पण ‘साहसकथा’ म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आता बकचा प्रवास बघा. त्याला विकलं जातं, पिंजऱ्यात घालतात, सोट्याने मोडतात आणि कामाला जुंपायला उत्तरेला नेतात. ज्या दिशेला गुलाम सुटायला पळायचे त्याच दिशेला लंडन कुत्र्याला गुलाम करून पाठवतो. बक मोकळा होतो तो अगदी शेवटी, प्रेम करणारा मालकसुद्धा मेल्यावरच. लंडनने हे ठरवून केलं का, याने मला फरक पडत नाही. पुस्तकात ते आहे.

आणि रानवाटा, सोलण्याच्या मुद्द्याला पुरवणी: थॉर्नटनचा शेवटचा प्रवास उत्तरेला नाहीच. हरवलेल्या खाणीच्या शोधात ते पूर्वेला निघतात. बक लांडगा होतो तो तिकडे. ‘उत्तरेची हाक’ म्हणणाऱ्यांनी सातवं प्रकरण पुन्हा वाचावं.

---

कोकणकडा

अवांतर, पण राहवत नाही. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ १९०३ ची. त्याच १९०३ मध्ये पुण्यात टिळकांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध झालं. सहा महिन्यांची रात्र, लांबलचक उषा, वेदांतले असे उल्लेख धरून आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ होतं आणि हिमयुगाने त्यांना तिथून हुसकलं, असा सिद्धान्त. आजचे पुरातत्त्वज्ञ तो मानत नाहीत, ते असो. पण लंडनचा बक पूर्वजांच्या आठवणी शोधत उत्तरेला शिरतो, आणि टिळक म्हणतात आपले पूर्वज तिथूनच निघाले. १९०३ मध्ये उत्तरेला काहीतरी आदिम ठेवलंय असं जगाच्या दोन टोकांना दोघांना एकदम वाटत होतं!

---

गारवेल

आता टिळकांनाही स्लेजला जुंपलंत, धन्य आहे.

---

तळटीप

बसचं राहिलं म्हणून सांगतो. त्या बसपर्यंत जायला निघालेल्यांपैकी दोन जण टेक्लानिकात बुडून गेले, एक २०१० मध्ये, एक २०१९ मध्ये. किती तरी जणांना वाचवून आणावं लागलं. शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने बस उचलली, आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. प्रतीक जागेवरून हलवायला सैन्याचं हेलिकॉप्टर लागलं.

---

चांदणकवडसा

लंडनने ‘टू बिल्ड अ फायर’ दोनदा लिहिली आहे, हे कुणी काढलं नाही. पहिली १९०२ ची, मुलांच्या मासिकासाठी. त्यात माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट. तोही एकटा निघतो, तोही पाण्यात पाय घालतो, शेकोटी विझते, पण अखेर पेटते आणि तो जगतो. शहाणा होतो, एकट्याने वाट धरू नये हे शिकतो. मुलांना बोध मिळाला, संपादक खूश. सहा वर्षांनी लंडनने नाव काढून घेतलं, बोध काढून घेतला, माणसाला मारलं आणि एक कुत्रा घातला.

---

रानवाटा

सगळ्यात मोठा बदल मला त्या कुत्र्याचा वाटतो. पहिल्या कथेत थंडी किती आहे हे आपल्याला टॉमकडूनच कळतं, आणि टॉम जगणार असतो, म्हणून आपण निर्धास्त. दुसरीत माणसाचा अंदाज एक आणि कुत्र्याच्या अंगाला कळलेलं दुसरं. ही चालायची वेळ नाही, बर्फात बीळ करून मुटकुळं करून पडायची आहे, हे कुत्र्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. तो ते माणसाला सांगत नाही, कारण दोघांत प्रेम नाही, फक्त चाबूक आहे. पुढे माणूस त्याला मारून त्याच्या पोटात हात शेकायचा विचार करतो, तेव्हा आवाजातल्या भीतीवरूनच कुत्रा ओळखतो.

बक आणि थॉर्नटन यांच्यात हे असं झालं असतं का?

---

गारवेल

झालं नसतं. थॉर्नटनने मुळात झाडाखाली पेटवलीच नसती. नदीवरचा बर्फ कुजलाय, पुढे जाऊ नका, हे बकच्या आधीच्या नवख्या मालकांना, हॅल-चार्ल्स-मर्सिडीसला, त्यानेच सांगितलं होतं. तुमची दहा मिनिटांची कल्पनाशक्ती ती हीच. त्यांनी ऐकलं नाही आणि पाव मैलावर स्लेजसकट खाली गेले. चौदा कुत्री घेऊन निघालेले, चौदा कुत्र्यांचं अन्न एका स्लेजवर मावत नाही हा हिशोबही न करता. माझं मत विचाराल तर अख्ख्या कादंबरीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच, आणि त्यात प्रतीक औषधालाही नाही.